रिकामं वजन

हिलाल मिस्तरीने सतराशे सांगितले.
मी ऐकलं नाही असं दाखवून
मागचं चाक उचललं.

दुकान म्हणजे काय, स्टेशनरोडच्या कडुनिंबाला
टेकवलेल्या नऊ सायकली, पाण्याची एक परात,
आणि परातीत बुडबुडे शोधणारा हा माणूस.

धाकटा म्हणतो, आई, स्कूटी घे ना हप्त्यावर.
हप्ता म्हणजे दर महिन्याच्या पाच तारखेला
दारात कुणीतरी उभं राहणार.
घर ते जिनिंग सव्वाचार किलोमीटर,
आठला काट्यावर बसायचं.
त्याला पाय पुरतात.

पहिली गुलाबी, पुढे टोपली,
दहावीतल्या कुणा मुलीने दोन वर्षं फिरवलेली.
नवीच म्हणा. पण ब्रेक दाबला
की वायर आधी विचार करते.
दुसरीला अठरा गियर, चालू तीन.
हिचा पार्ट धुळ्यालाही मिळत नाही,
मिस्तरीनेच बाजूला केली.

तिसरी मागे, भिंतीकडे तोंड.
काळी, बावीस इंची, रॉडब्रेक,
कंपनीचं नाव कधीच घासून गेलेलं.
आडवी दांडी आहे.
मी ड्रेस घालते, मला चालेल.
गल्लीला चालेल का, ते गल्ली बघेल.

सोळा वर्षं झाली मला वजनकाट्यावर.
कापसाचा ट्रॅक्टर गेटात वळला
की टायरच्या पोटावरून सांगते,
अठ्ठावीस क्विंटल, वीस किलो इकडे-तिकडे.
म्हणून मी कॅरिअरपाशी उकिडवी बसले.

डावीकडे बोटभर वाकलेला.
म्हणजे एकच कॅन, दुधाचा नाहीतर तेलाचा,
रोज, त्याच बाजूला, बरीच वर्षं.
डावं पॅडल झिजून गुळगुळीत:
पाय ठेवून, तीनदा ढकलून, मग चढायचा.
सीटचं चामडं मागून खचलंय,
अंगाने जड असेल,
किंवा घरी जाताना जड होत असेल.
उजव्या मुठीला चिंधी गुंडाळलेली.
घंटीला मात्र नवीकोरी स्प्रिंग.
घंटी कोण दुरुस्त करतं
एवढ्या जुन्या सायकलची?

कुणाची, ते मी विचारलं नाही.
"रंग काय देखस ताई, चाक फिराई देख,"
एवढंच बोलला तो.

फिरवलं.
बराच वेळ फिरलं, थोडं डुललं, उलटं आलं,
आणि व्हॉल्व्ह खाली धरून थांबलं.
जड बाजू खाली जाते
हे मला कुणी शिकवायला नको.

बोरीच्या पुलापर्यंत चक्कर मारली.
चढाला चेन कुरकुरली, सुटली नाही.
उताराला ब्रेक लागला,
उशिरा, पण लागला.
पुलाखाली पाणी नव्हतं, म्हशी होत्या,
त्यांच्याकडे बघून उगाच घंटी वाजवली.
एकीने मान वर केली.

परत येऊन म्हटलं, अकराशे.
त्याने बिडी विझवली.
तेराशे, मागची ट्यूब नवी,
आणि कॅरिअर सरळ करून देतो.
म्हटलं, कॅरिअर राहू द्या.
डबा मी डावीकडेच अडकवेन.

"लई जा. नही पटनी ते परत लई ये."

दुसऱ्या दिवशी पावणेआठ.
यार्डात धुकं, सरकीचा वास,
वॉचमन चहाला गेलेला.
सायकल काट्यावर नेऊन स्टँडला लावली,
आत जाऊन आकडा बघितला.
आमचा काटा दहा-दहाने मोजतो:
वीस.
मग वॉचमनला हाक मारून आकडा बघायला लावला
आणि स्वतः सीटवर बसले.
ऐंशी, म्हणाला तो, ताई हे काय चाललंय?

भरलेलं, रिकामं, निव्वळ,
पावतीवर तीनच ओळी असतात.
त्या माणसाचं, त्याच्या कॅनचं,
इतक्या वर्षांचं जे काही बसलंय या लोखंडात
ते कुठल्या ओळीत धरायचं
याचा विचार करत होते,

तेवढ्यात मागे पारोळ्याचा ट्रॅक्टर,
हॉर्नवर हॉर्न.
ओ ताई, म्हणाला ड्रायव्हर,
गाडी सरकवा जरा.

गाडी म्हणाला तो.